तोंडात खिळे धरून

आत्याचे हात आत्याच्या आधी पोचत.

तिचा सोफे आणि खुर्च्या मढवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, खाली काथ्याचा आणि फोमचा कचरा, मधे मोठं टेबल. पोट फाटलेल्या, स्प्रिंगा बाहेर आलेल्या खुर्च्या तिथे मरायला आल्यासारख्या येत आणि नवं कापड लेवून, छाती काढून परत जात. कुणी कापड ताणायला घेतलं, की आत्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत असली तरी तिचे हात तिथे हजर. "सरक. असं धरतात होय? आण इकडे." हाताखाली शिकायला आलेली माणसं काही महिने हे सोसत, मग गुमान दुसरीकडे कामाला लागत. एक कारागीर जाताना म्हणाला होता, "बाई, तुम्हाला माणूस नको, खुंटी हवी. कात्री अडकवायला."

आत्यानं लग्न केलं नव्हतं. त्यावर तिचा धाकटा भाऊ म्हणे, "बरं झालं. ताईनं नवऱ्याच्या हातातला घासही काढून घेतला असता, नीट खाता येत नाही म्हणून."

आत्या मोठ्यानं हसे. कारखान्यात शांतता असे ती फक्त खिळे ठोकताना. मढवणारे लोक बारीक खिळे मूठभर तोंडातच धरतात. जिभेनं एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकावर घ्यायचा आणि ठोकायचा. तोंडात लोखंड असेपर्यंत आत्याला बोलता येत नसे. तेवढ्यात बाकीचे श्वास घेऊन घेत.

सुट्टीच्या दिवशी ती तळ्यावर जाई. तळ्यात बास नावाचे मासे असत. रुंद तोंडाचा, हिरवट पाठीचा हा मासा गळाला लागला की पाण्याबाहेर उसळतो आणि गळ थुंकून टाकायला डोकं झटकतो. गेल्या उन्हाळ्यात आत्यानं भावाच्या मुलीला बरोबर नेलं. पोर पाच वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. भिंगरीच्या गळाला मासा लागला. काठी वाकली, पोर किंचाळली, आणि आत्याचे हात पोचले. मासा थोरला निघाला. भाड्यानं नावा देणाऱ्या नाववाल्यानं फोटो काढून आपल्या खोपटात लावला. फोटोत आत्या मासा धरून हसते आहे. तिच्या मागे, कडेला, एक छोटी पाठ आहे.

"माझा होता तो," एवढंच भिंगरी म्हणाली. नंतर वर्षभर ती आत्याशी बोलली नाही. आत्या घरी आली की पोर बापाच्या मागे. आत्यानं तिच्यासाठी मुद्दाम इवलीशी खुर्ची मढवली, लाल मखमलीची. तिच्यावर घरातलं मांजर बसे.

आणि यंदा अचानक फोन आला. "आत्या, मी येते मासे धरायला. पण तू हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"सांगायचंपण नाही."

"नाही सांगत गं."

मग भावानं फोन घेतला. "ताई, नीट विचार कर. पुन्हा तसं केलंस ना, तर ही पोर तुला कायमची दुरावेल. मी समजूत घालणार नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" आत्या म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिनं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. बोटांवर जुने वळ होते, दोऱ्याचे. हे दोन हात तिचं कधी ऐकत नसत.

तळं त्या सकाळी मन लावून ताणलेल्या कापडासारखं होतं, कुठे सुरकुती नाही. नाववाल्यानं भिंगरीला फुगीर जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि डोळा मिचकावला. "काय ताई, यंदा मासा पोरीचा, की पुन्हा तुमचाच?"

आत्याचे कान तापले. भिंगरीनं मात्र तिच्याकडे रोखून पाहिलं. हा प्रश्न तिचाही होता.

नाववाला काठावर राहिला, आत्यानं नाव वल्हवत आत नेली. पहिलाच गळ लव्हाळ्यात जाऊन अडकला. आत्याचे हात उठले. तिनं ते मांडीखाली सारले आणि त्यांच्यावर बसली. हातांची सोय झाली, जिभेवर कसं बसणार? "मनगट," असं तोंडातून निघणारच होतं. तिनं घाईनं एक हात सोडवला, कारखान्यातून तसाच अंगावर आलेल्या ॲप्रनच्या खिशातून खिळे काढून तोंडात टाकले आणि हात परत जागेवर नेला.

"काय खातेस?"

"अंहं."

"खिळे? शी! गिळशील ना!"

आत्यानं मान हलवली. जन्म गेला होता खिळे न गिळण्यात.

भिंगरीनं दोरी सोडवली. मग गळ टाकला तो आत्याच्या टोपीत. मग नावेखाली. मग आकाशाकडे, आणि तो धप्पकन जवळच पडला. प्रत्येक वेळी आत्याच्या जिभेनं एक खिळा पुढे आणला आणि मागे नेला. ऊन चढलं. पाण्यात वठलेल्या झाडाचं खोड होतं, त्याच्या पलीकडे एकदाचा गळ पडला, आणि दोरी सरळ झाली.

"आत्या! लागला!"

काठी वाकली. आता आवळ, आत्याचं सगळं अंग म्हणालं. तिला जन्मभर एवढंच ठाऊक होतं. कापड असो, पट्टा असो, माणूस असो, ढिला पडला की गेला. पण भिंगरीनं आवळलं नाही. मासा ओढी तेव्हा ती ओढू देई, रिळाची मूठ गरगर फिरे आणि ती चक्क हसे. मासा थांबे तेव्हा ती दोन वेढे घेई. दोरी ढिली पडत होती, भर पाण्यात लोंबत होती, आणि आत्याचा जीव त्या दोरीबरोबर खालीवर होत होता.

मासा उसळला. अख्खा हवेत, उन्हात, डोकं झटकत. दोरीचा पोकळ वेढा पाण्यावर पडला. गेला! आत्याचे हात मांडीखालून निघाले, अर्ध्या वाटेपर्यंत गेले.

भिंगरी मागे वळली नाही. नुसतं म्हणाली, "आत्या."

हाक नव्हती ती. हात हवेत थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या तरी सांगण्यावरून थांबले होते, आणि आपलं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मग आत्यानं त्यांना परत आणलं, एकेक करून, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

दोरी पुन्हा सरळ झाली. मासा होता.

"जाळी धर," भिंगरी गुडघ्यांवर बसत म्हणाली. "पाण्यात. हलवायची नाही. मी आणते त्याला."

आत्यानं हातजाळी पाण्यात धरली. मासा जवळ आला, हिरवी पाठ दिसली, वीतभर ढकललं असतं तरी आत आला असता. तो वळून निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. आत्यानं जाळी हलवली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. मग पोरीनं काठी उंच केली आणि मासा थकून, मुकाट्यानं, जाळीत शिरला.

भिंगरीनं त्याच्या खालच्या ओठात अंगठा घातला, बोटं हनुवटीखाली नेली आणि त्याला उचललं. अगदी बरोबर. आत्यानं भुवया उंचावल्या.

"तू मागच्या वर्षी धरलास ना, तेव्हा पाहिलं मी. पाठ केली होती, पण मान वळवून बघत होते." मग धापा टाकत ती म्हणाली, "आता बोल."

आत्यानं खिळे तळहातावर थुंकले. जिभेला गंजाची चव होती. "मला यातलं काय कळतंय?" ती म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की नाव हलली.

गळ काढून भिंगरीनं मासा पाण्यात धरला. त्यानं शेपटी हलवली.

"अगं, सोडतेस? नाववाल्याला दाखवायचा नाही?"

"तू पाहिलास ना."

काठावर नाववाला कमरेवर हात ठेवून उभाच होता. "रिकाम्या हातानं आलात?"

"रिकाम्या?" आत्या नावेतूनच गरजली. "पोरीनं धरला! एकटीनं! मी नुसती बसले होते!" असा अभिमान तिच्या आवाजात कुठली खुर्ची मढवूनही आला नव्हता. "एवढा होता!" तिनं दोन्ही हात पसरून दाखवले.

भिंगरीनं त्या हातांमधली जागा पाहिली. तिचं समाधान झालं नाही. तिनं आत्याची मनगटं धरली आणि ते हात आणखी लांब सारले, आणखी थोडे. आत्यानं ते सैल सोडले. पोर नेईल तिकडे ते गेले.