दृष्ट लागायच्या आधी

कुणी फार गोड बोललं की मला आधी शंका येते. हा स्वभाव मी घरूनच घेऊन आले. वडील कचेरीत कारकून होते आणि कुणाचाही अर्ज दोनदा वाचल्याशिवाय सोडत नसत. पीएच.डी.नंतर मी जे वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं, त्यात तर संशय हाच धंदा होता. जी मुलं स्वतःला मारून घेतात, दुसऱ्याला चावतात, त्यांच्यासोबत काम कसं करायचं, याचं ते प्रशिक्षण. माझे सर हैदराबादला बसून एकच सांगत: मूल असं करतं त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर त्याला काय मिळतं, ते डोळ्यांनी पाहा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. मला हे सांगायची गरजच नव्हती.

आदिलाबादजवळच्या मावला गावाच्या बाजूला एका निवासी शाळेत माझं काम होतं. तेव्हा आदिलाबाद आंध्रात होतं. शाळेत शिकवणं तेलुगूत चाले, मुलांना सांभाळणाऱ्या आया मराठी बोलत आणि भांडणं हिंदीत होत. तिथे दहा-बारा वर्षांची एक मुलगी होती. बोलत नसे. बसल्या जागेवरून एकदम उठायची आणि रक्त येईपर्यंत भिंतीवर कपाळ आपटायची. हेडसरांनी मला आल्याआल्याच सांगून टाकलं, "देखो मॅडम, दसरे तक देखेंगे. फिर बाप आके ले जाएगा." बाप नेणार म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. आईबाप मजुरीने कापूस वेचायला जात आणि हिला घरी खाटेला बांधून ठेवत.

मी व्हरांड्यात पुस्तक उघडून बसायची आणि एक ओळ वाचायची नाही. मी दिसले की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. "कानामागून आली आन् तिखट झाली," असं एकीने म्हटलेलंही मी ऐकलं. म्हणू दे. माझी नजर त्या मुलीच्या आयेवर होती. मुलीने डोकं आपटलं की ही बाई असेल तिथून धावत यायची, तिला स्वयंपाकघरात न्यायची आणि आतून कडी लावायची. थोड्या वेळाने मिरच्या जळल्याचा धूर बाहेर यायचा. हट्टी पोरांना मिरच्यांची धुरी देतात, हे मी लहानपणापासून ऐकून होते. मुलगी बाहेर यायची तेव्हा डोळे लाल आणि आवाज बंद.

"काई नाई मॅडम, पानी पाजलं," आया म्हणायची. पाणी पाजायला कडी कशाला लागते?

एका दुपारी कडी लागायच्या आत मी दारात पाय घातला.

मुलगी पाटावर बसली होती. समोर आया, मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. ती मूठ मुलीवरून ओवाळत होती. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, जिची लागली असन तिची जाओ," असं पुटपुटून तिने मूठ चुलीत टाकली. तडतड झाली. मुलगी आयेच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती आणि हसत होती. दिवसभर जी कुणाकडे मान वर करून बघत नसे, ती.

मला हायसं वाटायला हवं होतं. आला मात्र राग. "मग लपवून कशाला?"

"हेडसार वरडते. आन् तुमच्यात चालत नाई मने." आम्ही बौद्ध, हे तिला माहीत होतं. दृष्ट काढणं आमच्या घरातून वडिलांच्या लहानपणीच गेलं होतं आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. "पन पाहा ना, दृष्ट काढली का कशी गप होते पोरगी!"

बाईवरचा माझा संशय तिथून उठला आणि तिच्या मायेवर जाऊन बसला. दिवसभर त्या मुलीपुढे ताट सरकवायचं, अंघोळ उरकायची आणि चावेल म्हणून लांब राहायचं, अशी तिथली रीत होती. कपाळ फुटलं की मात्र एक माणूस सगळी कामं टाकून तिच्यासमोर बसायचं. ती त्यासाठीच फोडून घेत होती. मी हे जसं सुचलं तसं बोलून टाकलं.

आया रडायलाच लागली. "म्हंजे म्याच फोडलं का तिचं डोस्कं?"

"तसं नाही हो. पण आता आपटल्यावर दृष्ट काढायची नाही. सकाळ-संध्याकाळ, ती शांत असताना काढायची."

"लागलीच नाई तं काढाची कायची?"

प्रश्न बिनतोड होता. "लागायच्या आधीच काढायची," मी ठोकून दिलं.

मुलगी आपटायला लागली की आम्ही मध्ये उशी धरायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. शांत असली की आया तिला हाताला धरून मिठाच्या बरणीपाशी न्यायची, तिच्या मुठीत मीठ द्यायची, ती मूठ आपल्या हातात रिकामी करून घ्यायची आणि मग ओवाळायची. कपाळ न आपटता मागायचं कसं, ते तिला शिकवायचं होतं. सुरुवातीला मुलगी आणखीच आपटू लागली. असं आधी होतंच, हे मी शिकले होते. सगळी शाळा मला पाण्यात पाहू लागली. घरी वडील म्हणाले, "एवढं शिकून शेवटी मिरच्याच ओवाळल्या?"

पुढे आपटणं कमी झालं, पण बंद झालं नाही. दसऱ्याच्या सुट्टीला बाप आला तेव्हाही तिच्या कपाळावर ताजी खपली होती. हेडसरांनी ती त्याला बोटाने दाखवली. तो मुकाट्याने तिचे कपडे पिशवीत भरू लागला. त्याच्या मुकेपणाचाही मला संशय आला. हिला परत खाटेला बांधायचं, हे याने ठरवूनच टाकलेलं असणार.

तेवढ्यात मुलगी उठली. भिंत जवळच होती. मी उशी घेऊन धावले, पण ती माझ्या बाजूने निघून स्वयंपाकघरात गेली आणि मूठ आवळून परत आली. आया हात पुढे करून उभी होती. तिला मागे टाकून मुलगी बापासमोर जाऊन बसली आणि मूठ त्याच्यापुढे धरली.

तो दचकून मागे सरला. "काय पायजे इले?"

"दृष्ट काढा तिची," मी म्हणाले.

त्याने पिशवी खाली ठेवली, मीठ घेतलं आणि बावरून तिच्यावरून ओवाळलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, पापणी न हलवता. त्याचं ओवाळणं संपेना. शेवटी आयेनेच त्याचा हात धरला.

"हे घरी कसं कराचं, ते शिकवा मले," तो म्हणाला. "तोवर राहू द्या इले इथंच. आता माह्याच्यानं बांदनं होनार नाई."