आत्याच्या घराचा फोटो

पालेगावचा जयदेव कल्याणजवळच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्प एकमध्ये लोकूमलच्या स्टुडिओत फोटो धुवायचा. सहा वर्षं झाली, पण दोघांचं एक दिवस जमलं नाही. कागदावरचा छाप जरा काळा पडला की लोकूमल तो ओलाच त्याच्या अंगावर भिरकवायचा. “कागज तेरा बाप देता है?” जयदेवही हट्टी. त्यानं कधी त्याला शेट म्हटलं नाही.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात गावचा दिनानाथ एक रोल घेऊन आला. ओढ्याकाठची जागा ओसाड आहे, ती मला द्या, असा अर्ज त्यानं कल्याणच्या मामलेदाराकडे केला होता. अर्जाला जोडायला फोटो हवा होता.

लाल दिव्याखाली कागद औषधात हलवताना आधी कुडाची भिंत उमटली, मग दारात उभी बाई. हातात केरसुणी, नजर थेट रोखलेली. जयदेवची आत्या, कमळाबाई.

बाहेर येऊन तो म्हणाला, “जागा ओसाड नाही. तिथं आत्याचं घर आहे.”

“म्हणून तर सांगतो, ते फोटोतून घालव,” दिनानाथ म्हणाला. “तुला ती दारात तरी उभी करते का?”

ते खरं होतं. ऐन लावणीत तिचं शेत टाकून तो कॅम्पात आला, तेव्हापासून तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

“मी नाही करणार.”

“गिऱ्हाईक है. हट,” म्हणत लोकूमलनं स्वतः निगेटिव्ह घेतली आणि ब्लेडनं खरवडायला बसला. खरवडलं की छापात तिथं काळं येतं. घराचं झुडूप होतं. तेवढ्यात जयदेवनं पहिला छाप हायपोच्या औषधातून काढून सदऱ्याखाली घातला. छातीला खाज सुटली, पण घरी पोचेपर्यंत त्यानं हात लावला नाही.

दिनानाथचा अर्ज गेला, तेव्हा जयदेवनं आपला छाप कल्याणला नेऊन दिला. मामलेदारानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तलाठ्याला जागेवर पाठवलं आणि अर्ज फेटाळला. लोकूमलनं जयदेवला त्याच दिवशी हाकललं. दिनानाथच्या भावकीनं गावात त्याच्याशी बोलणं टाकलं.

परत मिळालेला फोटो घेऊन तो आत्याकडे गेला. ती ओटीवर भात पाखडत होती.

“कला आयलास? काय काम हाय?”

त्यानं सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

“फोटू धुतला कोनी पयला?”

“मीच.”

“मंग उपकार कसला?”

तिनं फोटो ओढून घेतला, क्षणभर पाहिला आणि कमरेला खोचला. पाणी विचारलं नाही. जयदेव उन्हातच अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यात काम मिळतं का पाहायला निघाला.