पाच मिनिटांचा कागद

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "आजी, त्या दिवशी आबा आमच्यासाठी का थांबले नाहीत?" मी तुमच्या शाळेचं काहीतरी विचारून विषय बदलला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आबा थांबले नाहीत असंच तुम्ही तीन वर्षं समजत आहात, आणि मी गप्प राहिले तर मोठेपणीही तसंच समजाल. म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते. आईकडून वाचून घ्या.

तुमचे आबा राहुरीच्या विद्यापीठात ज्वारीच्या बियाण्यावर काम करून निवृत्त झाले. मी इथल्याच हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षी आबांच्या हृदयाची ताकद बरीच कमी झाली होती. जर्मनीला तुमच्याकडे येऊन महिनाभर राहायचं म्हटल्यावर नगरच्या डॉक्टरांनी नकार दिला. मग आबांनीच सुचवलं, बारा दिवसांची ग्रुप टूर करू. सोबत माणसं असतील, जेवण आपलं असेल, दारात बस असेल. डॉक्टर बारा दिवसांना कसेबसे हो म्हणाले. आबांना पॅरिस-बिरिसचं काही नव्हतं. टूरची बस एका दिवशी जर्मनीतून जाणार होती, त्यांना तेवढंच हवं होतं. दोन वर्षांत त्यांनी तुम्हाला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. तुमच्या बाबांच्या तिथे राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण चालू असल्यामुळे तुम्हाला देशाबाहेर येता येत नव्हतं. तेव्हा ठरलं ते असं: हायवेवरच्या एका पेट्रोल पंपाशी बस पाऊण तास थांबते, शनिवारी पावणेबाराला तिथे भेटायचं.

निघण्याआधी आबा बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि स्टीलच्या नव्या डब्यावर तुम्हा दोघांची नावं घालून आणली. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर घालतात तशी, मशीनच्या सुईने, ठिपक्याठिपक्यांची. डब्यात मी गुळपोळ्या भरल्या. आबांनी तो बॅगेत ठेवू दिला नाही. बारा देश फिरायचे असते तरी तो मांडीवरच राहिला असता.

बसमध्ये आम्ही अडतीस जण होतो. रोज दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे पुढची जागा सगळ्यांना मिळते, अशी पद्धत. पण वेळ कुणी पाळत नव्हतं. पॅरिसमध्ये एका जोडप्यासाठी बस पन्नास मिनिटं उभी राहिली. नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप होतं. दोघं हसतमुख आणि नेहमी उशिरा. तितका वेळ पाय खाली सोडून बसल्याने आबांचे घोटे सुजले. त्यांच्या मोज्यांचा वळ मी संध्याकाळी पाहिला आणि हॉटेलच्या लेटरहेडवर नियम लिहून काढला: ठरलेल्या वेळेनंतर बस पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही, उशिरा येणाऱ्याने आपल्या सोयीने हॉटेलवर पोचावे.

सकाळी मी तो बसमध्ये मोठ्याने वाचला आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"बाई, अंगठा चालंल का?" वर्कशॉपवाल्यांनी विचारलं. सगळे हसले.

"सही येत असताना अंगठा नाही," मी म्हणाले. पुन्हा हसले. आबांनी सगळ्यात शेवटी सही केली.

दोनच दिवसांनी ॲमस्टरडॅमजवळ पवनचक्क्या पाहताना तेच जोडपं चुकलं. टूर मॅनेजर, एक तिशीतली बाई, माझ्याकडे पाहू लागली. मी घड्याळ दाखवलं. बस निघाली. ती दोघं टॅक्सीने हॉटेलवर आली तेव्हा वर्कशॉपवाल्यांच्या पत्नी रडवेल्या झाल्या होत्या. मला त्या एवढंच म्हणाल्या, "चीजच्या दुकानात लायनीत हुतो, बाई. हात केला तुमाला."

मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे." असं मी वर्गात हजार वेळा म्हटलं असेल.

शनिवारी आम्ही पावणेबाराच्या आधीच पंपावर पोचलो. आबांनी सकाळीच दाढी केली होती आणि निळा सदरा घातला होता. ते आत न जाता पार्किंगच्या बाकावर डबा घेऊन बसले. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहत होते. तुमची गाडी लाल आहे एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्या देशात लाल गाड्या बऱ्याच आहेत.

बारा वाजता तुमच्या आईचा फोन आला. पुढे अपघात झाला होता, रस्ता तुंबला होता. सव्वाबाराला पुन्हा आला, गाडी थोडी हलली म्हणून. साडेबाराला आबा सोडून सगळे बसमध्ये बसले आणि मी पायरीशी उभी राहिले. आई म्हणाली, "वीस मिनिटं गं, फार तर वीस."

पाच मिनिटं गेली. वर्कशॉपवाल्यांच्या पत्नी खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "थांबू द्या की बस. पोरं येऊ लागली ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "कागदावर सही हाय तुमची."

"हाय तर हाय. माझी सही, मीच थांबते म्हनते."

टूर मॅनेजर ड्रायव्हरशी बोलून माझ्याजवळ आली. "बाई, त्याचे गाडी चालवायचे तास ठरलेले असतात. तरी तो अजून पंधरा मिनिटं देतो म्हणतोय. पण सगळ्यांचं मत घ्यावं लागेल. तुम्ही एकदा सगळ्यांना सांगाल का?"

एवढंच करायचं होतं. पायरी चढून म्हणायचं होतं, माझी नातवंडं येत आहेत, कृपा करून थांबा. चाळीस वर्षं मी साठ-साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवला होता. मी पायरी चढले. अडतीसमधले छत्तीस चेहरे माझ्याकडे पाहत होते, त्यात ते दोघंही. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. गर्वामुळे असेल, लाजेमुळे असेल. मी पुष्कळ विचार केला आहे, पण नेमकं नाव मला अजून देता येत नाही. मी नुसती उभी राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी आपापल्या परीने लावला.

आबा बाकावरून माझ्याकडे पाहत होते. काचेतूनही त्यांना कळलं असावं. ते उठले, पंपाच्या दुकानात गेले आणि डबा काउंटरवरच्या बाईच्या हातात दिला. त्यांना जर्मन येत नव्हतं. त्यांनी दोन बोटं दाखवली, मग हवेत हात धरून दोन उंच्या दाखवल्या. एक छातीपर्यंत, एक कमरेपर्यंत. त्या दोन वर्षांपूर्वीच्या उंच्या होत्या.

मग ते हळूहळू बसपाशी आले आणि टूर मॅनेजरला म्हणाले, "चला. उशीर नको."

मला मागावं लागू नये म्हणून ते तसं म्हणाले. जागेवर बसल्यावर मी म्हटलं, "अहो, थांबवू का?"

"असू दे. दिवाळीला येतीलच ती."

तुम्ही पंपावर पोचलात तेव्हा आमची बस निघून अकरा मिनिटं झाली होती. हायवेवर मागे वळता येत नाही. बसच्या पुढच्या थांब्यापर्यंत, घड्याळांच्या दुकानापर्यंत येऊ का, असं तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं. पण धाकट्याने वाटेत दोनदा उलटी केली होती, आणि ते दुकान आणखी दोन तास पुढे होतं. त्याला घेऊन थांबत थांबत तुम्ही येईपर्यंत आम्ही सरहद्द ओलांडली असती. मी नको म्हणाले. नको म्हणायला मात्र मला आवाज फुटला.

पंपाच्या काउंटरवरच्या बाईने डबा लगेच दिला नाही, हे तुमच्या आईने नंतर सांगितलं. डबा तुमचाच कशावरून, असं ती विचारत होती. तेव्हा धाकट्याने झाकणावरच्या ठिपक्यांवर बोट फिरवत स्वतःचं नाव वाचून दाखवलं. देवनागरीत त्याला तेवढंच वाचता येत होतं. मी फोन आबांच्या कानाला लावून हे त्यांना ऐकवलं. त्यांनी तुमच्या आईला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि मग स्वित्झर्लंडभर जो शेजारी बसेल त्याला सांगितलं. वर्कशॉपवाल्यांच्या पत्नींना तर दोनदा. त्या ऐकताना माझ्याकडे पाहत नव्हत्या, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

दिवाळीला तुम्ही आलात. आबा सप्टेंबरमध्येच गेले होते.

तर मोठीच्या प्रश्नाचं उत्तर हे: आबा थांबले होते. पाऊण तास आणि वर काही मिनिटं, उन्हात, बाकावर. आणखी पंधरा मिनिटं मागायची होती ती मला, आणि मी मागितली नाही.

सह्यांचा कागद माझ्या फायलीत आहे. डबा तुमच्याकडे आहे. त्याच्या झाकणाला पोचा आला आहे, नावं वाचता येतात, आणि तुमची आई त्यात तूरडाळ ठेवते.