बोला, घाबरू नका

आमच्या पनवेलच्या कॉलेजात मुलींच्या तक्रार समितीवर एक मॅडम होत्या. दरवर्षी त्या मुलांना सुट्टी देत, मुलींना हॉलमध्ये बसवत आणि ‘घाबरू नका, बोला’ असं सांगत दोन तास स्वतःच बोलत. बॅनर जुनाच असे, फक्त वर्षाच्या आकड्यावर नवा कागद चिकटवलेला.

एकदा भाषण संपल्यावर गव्हाण गावची एक मुलगी पुढे आली. “मॅडम, मला बोलायचं हाय. प्रॅक्टिकलच्या सरांबद्दल.”

मॅडमनी आधी माइक बंद आहे ना, ते पाहिलं. मग म्हणाल्या, “अर्ज लिही. खाली वडिलांची सही आण.” आणि तिला हाताला धरून फोटोसाठी पुढच्या रांगेत उभी केली.

मी लायब्ररीतला, फोटो मीच काढला. मुलगी पुन्हा कॉलेजात दिसली नाही. वार्षिक अहवालात तो फोटो लागला. खाली मॅडमच्या सुबक अक्षरात: आलेल्या तक्रारी, निरंक.