नीळ लागलेला कापूस

आमच्या घरात अर्धवट राहिलेल्या वस्तूंची एक ठरलेली जागा आहे, जिन्याखालची. तिथं माझा बुलबुलतरंग पडलाय, दोन तारा तुटल्या तेव्हापासून. छाप्यासाठी लिनोच्या तुकड्यावर कोरायला घेतलेली एक चिमणी आहे, तिला एकच पंख आहे. माहेरी मेहकरला गेले होते तेव्हा तिकडच्या ओढ्याकाठची माती हौसेनं पोत्यात भरून आणली होती. तिची भांडी करायची होती. ती घमेल्यात वाळून दगड झाली. नवरा कधीमधी तिथून स्टूल काढायला वाकतो आणि म्हणतो, "याचं प्रदर्शन कधी भरवतं वं?" तो गंमत करतोय हे मला कळतं. मला गंमत वाटत नाही हे त्याला अजून कळलेलं नाही.

मी खामगावात एका शाळेत गणित शिकवते. चित्र काढता येतं ही गोष्ट लग्न होऊन इथं आले तेव्हा लपवून ठेवायला हवी होती. ती फुटली आणि गणपतीची मखरं, डोहाळजेवणाच्या पाट्या, शाळेतले फलक सगळं माझ्या गळ्यात पडलं. "तुले तं येते नं, पाच मिन्टाचं काम हाय." या पाच मिनिटांनी माझे कितीतरी रविवार खाल्ले. आणि हीच माणसं, मी स्वतःचं काही घेऊन बसले की दारातून डोकावून विचारतात, "हे कायले करून राह्यली? इकतं का कुठी?" विकत नाही म्हटलं की थोडा वेळ उभी राहतात, मग माझी कीव करत निघून जातात.

तर यावेळी मी ठरवलं होतं की एक गोष्ट, एकच, शेवटापर्यंत न्यायची. मखर नाही, पाटी नाही. माझी.

शाळेतून घरी येताना वाटेत कापसातली सरकी काढायची एक जुनी जिनिंग लागते. हंगामात तिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागली की रस्ता अडतो आणि स्कूटी बंद करून उभं राहावं लागतं. मागचा हिवाळा सरताना अशीच चरफडत उभी होते. फाटक सताड उघडं होतं, आत अंगणात कापसाचे ढीग. रोजचंच दृश्य. पण त्या दिवशी ऊन तिरकं होतं आणि मला दिसलं की ते पांढरे नाहीतच. पहिल्या वेच्याचा ढीग निळसर होता. त्याच्या शेजारचा सायीसारखा. कडेला फरदडचा, म्हणजे हंगाम उलटल्यावर निघालेल्या शेवटच्या कापसाचा, मळकट तांबूस. सावलीत पडलेला भाग तर चक्क करडा. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले तेव्हा मी हलले.

घरी आले ती डोक्यात चित्र घेऊनच. रंग नाही वापरायचे. हा ढीग कापडाचा करायचा, जुन्या पांढऱ्या कापडाच्या तुकड्यांचा, आणि त्यात एकही पांढरा दुसऱ्यासारखा नसावा. कापूस शेवटी ज्या ज्या अंगावर जातो तिथून तो परत आणायचा, अशी माझी कल्पना. मला ती फार आवडली होती. अजून आवडते.

वर्षभर मी तुकडे जमवले, तेही चोरासारखे. मागितले असते तर कारण सांगावं लागलं असतं. वारलेल्या सासऱ्यांच्या धोतराचा ट्रंकेत पिवळा पडलेला काठ घेतला. नवऱ्याच्या बनियनचा काखेकडचा भाग घेतला. चक्का बांधायचं फडकं, ज्याला दह्याचा आंबूस रंग चढला होता. पापड वाळवायच्या धडप्याचा कोपरा. शेजारच्या भाभींनी फरशी पुसायला काढलेली ओढणी, जी त्यांच्या कुंपणावरून मी उचलली. भाभींच्या यजमानांचं सरकी-ढेपेचं दुकान आहे, त्या ओढणीला त्या दुकानाची तेलकट झाक होती. कुठला पांढरा कुठल्या पांढऱ्याशेजारी बसतो हे बघायला मी मागच्या खोलीत दोरी बांधली आणि सगळे तुकडे चिमट्यांनी टांगले. शाळेतून आले की आधी चहा नाही, आधी ती दोरी. एक तुकडा इकडचा तिकडे करण्यात संध्याकाळ जायची, आणि त्या संध्याकाळी मी घरात कुणावर खेकसले नाही एवढं मला आठवतं.

जुन्या खाटेच्या लाकडांची चौकट करून घेतली. तिच्यावर चादर ताणली. जिनिंगची पत्र्याची शेड आणि वरचं आकाश पक्क्या टाक्यांनी शिवून झालं. ढीग मात्र कच्च्या टाक्यांनी लावत गेले, कारण शेवटपर्यंत मी तुकडे बदलणार होते. पाऊण ढीग उभा राहिला. उरलेले तुकडे दोरीवर होते. आमच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे सर बुलढाण्याला जिल्ह्यातल्या चित्रकारांचं छोटं प्रदर्शन भरवणार होते. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "हे आण. बाकी काही असो नसो, हे आण."

मी पोरीसारखी घरभर सांगत सुटले. तिथंच चुकलं असावं. जेवताना सासूबाईंनी विचारलं, "बुलढान्याले म्हंजे? लोकं पाहतीन?"

"हो आई, लोकं पाहायलेच येतात नं."

"कोनाकोनाचे कपडे हायेत हे लोकाईले सांगनार हाय का तू?"

"खाली चिठ्ठी लावतात तशी. लिहीन थोडंसं."

त्यांनी ताकाची वाटी संपवली आणि उठल्या.

प्रदर्शन दोन आठवड्यांवर होतं. त्या शनिवारी शाळेत पालकसभा होती, मला यायला उशीर झाला. फाटकातूनच गच्चीवर काहीतरी फडफडताना दिसलं. वर गेले. तारेवर माझा सगळा ढीग वाळत होता.

सासूबाईंनी दोरीवरचे तुकडे तर काढले होतेच, चौकटीवरचेही काढले होते. कच्चे टाके एकेक करून उसवले होते, एवढे जपून की एकही तुकडा फाटला नव्हता. मग सोड्यात भिजवले, ब्लीचिंगच्या पाण्यातून काढले, नीळ घातली आणि भाताची पेज घालून खळ दिली. पन्नासाच्या वर तुकडे, सगळे एका रंगाचे. लख्ख. निळसर. एखाद्या दवाखान्याच्या गच्चीवर असतात तसे. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, पदरानं हात पुसत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "कसे निघाले. तो धोतराचा पिवळा डाग बी गेला. आता खुशाल लावजो, इस्त्री मी करून देतो."

मी खाली येऊन मागच्या खोलीत बसले. चौकटीवर शेड होती, आकाश होतं आणि मधे चादरीवर सुईची भोकं. फोनमध्ये आधीचा फोटो होता, तो काढून पाहिला. नसता तर बरं झालं असतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पन पांढराच ढीग व्हता नं? आता बी पांढराच हाय. उलट चांगला दिसून राह्यला." मी त्या रात्री जेवले नाही. त्यानं माझ्या वाटणीची भाकरी खाल्ली, वाया जाऊ नये म्हणून.

पुढचे दिवस मी मूर्खासारखे घालवले. तुकडे चहाच्या पाण्यात बुडवले तर चहा सांडल्यासारखे दिसले. हळदीच्या पाण्यात बुडवले तर बारशाला आणल्यासारखे. अंगणातल्या धुळीत चोळले, दही लावून उन्हात ठेवले, मुंग्या लागल्या. धोतराचा तो पिवळा ट्रंकेत बसून बसून आलेला होता, तो मला दुपारभरात कुठून आणता येणार? सरांचा फोन आला, "झालं का?" मी म्हटलं, "होत आलंय." खोटं बोलताना माझा आवाज फार गोड येतो हे मला तेव्हा कळलं.

शेवटी लाज सोडली आणि गल्लीत मागायला निघाले. जुनं, पांढरं, न धुतलेलं कापड द्या. बायका हसल्या, पण नाही कुणी म्हणालं नाही. "सांजच्याले आनून देतो," म्हणाल्या. आणि संध्याकाळी एकेक जण घेऊन आली. धुऊन. इस्त्री करून. एकीनं तर टॉवेल नवाच आणला, वर हळदकुंकू लावून, प्रदर्शनाला जातोय म्हणून. भाभींनी ओढणी आणली ती घडी करून, अत्तराचा वास येणारी.

"भाभी, मले मैलीच पाहिजे होती," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं न धुता द्या म्हणून."

"ऐसा कैसा देऊ?" त्या दुखावल्या. "मैला कपडा किसी के हाथ में देते क्या? फकीर को भी धोके देते. तुमको कैसा देऊ?"

आमच्या गल्लीत हिंदू असो, मुसलमान असो, दुसऱ्याच्या हाती मळकं कापड द्यायचं नाही हे सगळ्यांचं एक आहे. लेकरांचे उतरलेले कपडे द्यायचे तरी नीळ घालून. बोहारणीला द्यायचे तरी एक पाणी काढून. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मीही तेच करते. पण टेबलावर तो पांढराशुभ्र प्रेमळ गठ्ठा पडला होता आणि मला तो उचलून रस्त्यावर फेकावासा वाटत होता. सगळे माझ्यासाठी धडपडत होते आणि सगळे मिळून माझं चित्र पुसत होते.

सासूबाई तो गठ्ठा बघून खूश झाल्या. "आता तं भरपूर झालं," म्हणाल्या. "किती चांगली लोकं हायेत."

तेव्हा माझा तोल गेला.

"मले मळकेच पाहिजे होते, आई. एकेक रंग मी वर्षभर शोधला होता. तुमी मले न विचारता धुतले काऊन? माह्या वस्तूले हात लावला काऊन?"

मी त्यांच्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी मला आधी बोलू दिलं. मग खाली बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

"तुह्या सासऱ्याले जिनिंगातून घरी आल्यावर ओळखू येत नोतं," त्या म्हणाल्या. "मशीनचं तेल अन् सगळ्या आंगाले रुई चिकटेल. रोज. सकाळी त्याच मानसाले मी बगळ्यासारखं पांढरं करून धाडलं. हिवाळ्यात हाताले भेगा पडत, तरी धाडलं. कोनाले नावं ठेवू देले नाई. सारी जिंदगी तुह्या घरातला मळ काढण्यात गेली माही. अन् तू तोच मळ नेऊन बुलढान्याले भिंतीवर टांगतं? खाली चिठ्ठी लावून?"

माझ्याकडे उत्तर होतं. तो मळ नाही, रंग आहे, त्यात माणसं आहेत, असं सगळं मला सांगता आलं असतं, सरांना फोनवर मी ते सांगितलंही होतं. पण त्यांच्या हातांकडे बघून ते तोंडातून बाहेर पडेना. आणि राग मात्र होता तसाच होता. त्यांचं म्हणणं मला समजलं म्हणून माझे तुकडे काही परत पिवळे होणार नव्हते. मी उठून गेले. तीन-चार दिवस आम्ही "मीठ द्या" आणि "फाटक लावा" एवढंच बोललो.

सरांना कळवायचं ठरवलं होतं की नाही जमत. चौकट जिन्याखाली ठेवायची म्हणून उचललीही होती. सोमवार होता, शाळेला स्थानिक सुट्टी होती. सासूबाई मागच्या खोलीत आल्या. आमच्या भांडणानंतर त्या या खोलीत आल्या नव्हत्या. हातात त्यांचा स्वयंपाकाचा पंचा होता. भाकरी करताना खांद्यावर असतो, त्यानंच घाम पुसतात, त्यानंच तापलेलं पातेलं उतरवतात, दर रात्री तो धुऊन वाळत घातल्याशिवाय निजत नाहीत. तो धुतलेला नव्हता. किती दिवसांचा होता कोण जाणे. पिठाचा राखी रंग त्याच्यावर होता, हळदीचा फिकट, धुराचा, घामाचा. मळकी बाजू आत करून त्यांनी घडी घातली होती.

तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलाच्या कडेवर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "पन कोनाचा हाय ते लिहजो नको."

एका पंच्यात ढीग होत नाही. त्यांना ते सांगण्यात अर्थ नव्हता आणि मला सांगायचंही नव्हतं. मी तिथल्या तिथं कात्री घेतली, कारण त्या अजून दारातच उभ्या होत्या आणि परत धुवायला न्यावा का अशा नजरेनं पंच्याकडे बघत होत्या.