वाळूवरची शिवण

माघातल्या दुपारी आमच्या मुलुंडच्या घरात ऊन थेट आत येत नाही. समोरच्या नव्या इमारतीच्या काचांवर आधी आपटतं आणि तिथून वळून, जरा मवाळ होऊन, माझ्या शिलाई मशीनवर येऊन बसतं. त्या परतलेल्या उन्हात उष्मा कमी आणि सोनेरीपणा जास्त. त्यात मशीनचं तेल तापतं, कोऱ्या कापडाची खळ तापते, सुईखालच्या पट्टीत साठलेल्या सुताच्या कोंड्यालाही एक उबदार, किंचित जुनाट गंध सुटतो. आणि मला, काय सांगू तुम्हाला, देवघरात बसल्यासारखं प्रसन्न वाटतं. हसाल तुम्ही. पण जिची चाळीस वर्षं एका सुईच्या वर-खाली होण्याकडे बघण्यात गेली, तिच्या स्मृतींचे सुगंध मोगऱ्याचे कुठून असणार?

शिवण मला कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर स्वतःचाच एक ब्लाउज उसवला, त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि माणसाच्या देहाची ती सगळी वळणं अशी सपाट होऊन कशी निजतात हे बघत बघत मी शिकले. मशीन अडलं की तेही तसंच उसवायचं, प्रत्येक भाग कशासाठी आहे हे त्यालाच विचारायचं आणि पुन्हा जुळवायचं. एखादा स्क्रू उरायचा कधीकधी. तो डबीत ठेवायचा आणि मशीन चालतंय ना, मग गप्प बसायचं!

अशाच एका दुपारी मी पट्टी काढून ब्रशने कोंडा झाडत होते आणि सायली पलंगावर उताणी पडून छताला डोळे लावून होती. सायली माझ्या धाकट्या बहिणीची नात. कुडाळहून इंजिनिअरिंग शिकायला आली ती माझ्याकडेच राहिली. मला ती तिकडच्या बोलीत ‘आजये’ म्हणते, आणि त्या एका हाकेने माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकला क्षणभर कोकणातलं परसदार फुटतं. पोर हसरी, पण गेल्या वर्षीपासून तिच्या हसण्यात एक खडा होता. कॉलेजच्या मुलामुलींच्या यंत्रमानवांची स्पर्धा असते. गेल्या वर्षी त्यात वाळूचा एक पट्टा ओलांडायचा होता, आणि हिने आखलेलं यंत्र पट्ट्याच्या मध्यावर रुतलं. चाकं जागच्या जागी गरगरत राहिली आणि आपणच खणलेल्या खड्ड्यात खोल खोल उतरत गेली. सगळा हॉल हसला. तेव्हापासून हिचं एकच पालुपद: यंदा शेवटचं वर्ष, यंदाही रुतलं तर मी लोखंडाला पुन्हा हात लावणार नाही, कंप्युटरवरची नोकरी धरीन नि गप बसेन. कंप्युटरवरच्या नोकरीत वाईट काही नाही हो. पण ज्या मुलीला लहानपणी विहिरीवरचा रहाट सोडून जेवायला बोलवावं लागे, तिने हरून तिकडे जावं, हे माझ्या जिवाला टोचत होतं.

कोंडा निघाला की नाही हे बघायला मी मशीनचं चाक हातानेच सावकाश फिरवलं. पट्टी नसल्यामुळे एरवी लपलेले दाते उघडे पडले होते. शिवताना सुईखालून कापड पुढे नेतात ते हे दाते. वर येतात, कापडाला पुढे ढकलतात, खाली बुडतात आणि खालच्या खाली मागे जाऊन पुन्हा वर यायला सज्ज होतात. पाण्यात पोहणाऱ्या माणसाच्या हातासारखी त्यांची ती संथ प्रदक्षिणा.

“आजये, थांब. परत फिरव.”

“का गं, काय झालं?”

“फिरव गो! हळू.”

मी फिरवलं. ती पलंगावरून उतरून मशीनशी गुडघे टेकून बसली. तिच्या श्वासाने कोंडा उडत होता.

“कापड सरकता, मशीन जाग्यावर,” ती स्वतःशीच पुटपुटली. “आणि मशीन उलटा घातला तर? खाली वाळू. वाळूचा पट्टा काय सरकूचो नाय.”

“मग मशीनच सरकेल,” मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझी मीच दचकले.

चाळीस वर्षं मी कापडाला जाताना पाहिलं. मशीन निघून जाईल असं मनात कधी आलं नव्हतं.

पुढचा महिना आमच्या घरात वसंत आला तो लोखंडाच्या पावलांनी. पुनर्बांधणी चाललेल्या शेजारच्या इमारतीच्या रखवालदाराकडून दोन घमेली वाळू आली, ती पोरांना आंघोळ घालायच्या जुन्या टबात ओतली गेली, आणि दिवाणखान्याला समुद्रकिनाऱ्याची कळा आली. सायलीची मैत्रीण जिग्ना घाटकोपरहून खाकऱ्याचे डबे घेऊन यायची. विजेच्या तारा आणि यंत्राचा मेंदू हे तिचं खातं. सायली वर्कशॉपच्या गाळ्यावर जाऊन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून आणायची, कानस मारायची, बोटं चिरून घ्यायची. हळूहळू ते जनावर आकाराला आलं: मध्ये सपाट पोट आणि दोन्ही अंगांना एकेक दातेरी पट्टी. पट्ट्या खाली येत, वाळूत दात रोवत, पोटाला उचलून पुढे नेत; मग पोट धप्पकन वाळूवर बसे आणि तेवढ्यात पट्ट्या वरच्या वर पुढे येत. पोट मोठं, भार पसरलेला, म्हणून रुतायचं कारण नाही. साडीच्या काठाला पिको करतात ना, तसे काठ त्याच्या मागे वाळूत उमटत. म्हणून मी त्याला ‘पिको’ म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं.

चालायचा मात्र लंगडत. पुढे जाताना रेंगाळायचा आणि परतताना झटका द्यायचा. माझ्या कानाला ते खटकायचं. माझं मशीन असं चाललं असतं तर मी उसवून ठेवलं असतं. पण पोर इतकी आनंदात होती की, जाऊ दे, म्हटलं, आपल्या घरचं आहे, लंगडं तर लंगडं.

स्पर्धा पवईच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. मला मुलींनी आग्रहाने नेलं. तलावावरून येणारा ओलसर गार वारा, कापलेल्या प्लायवूडचा ताजा वास, तारा जोडायच्या तापलेल्या डाकाचा धूर आणि कुठूनसा समोशांचा दरवळ, अशा मिश्र सुगंधात ती तरुण मुलं आपापल्या यंत्रांवर अशी ओणवली होती की मातृत्वाला वय आणि लिंग नसतं हे मला तिथे पटलं. आणि काय एकेक कल्पना! एका यंत्राची चाकं छत्रीसारखी. सपाट जमिनीवर मिटून गोल राहायची आणि वाळू लागली की काड्या पसरून फुलायची. एकाला चाकंच नव्हती, पोटाखाली दोन आडवे, जाडजूड स्क्रू. ते फिरत फिरत वाळूला पिळत पुढे सरकायचे. एक आठ पायांचं, कोळ्यासारखं. त्याला पाहून मी पदर आवरला. मला वाटलं, ईश्वराने जीव घडवताना पहिल्या दिवशी त्याच्या कर्मशाळेत असाच पसारा पडला असेल.

आणि तिथेच माझ्या हातून ते झालं.

मुली नाव नोंदवायला गेल्या होत्या आणि मी पिकोपाशी राखण बसले होते. आता सवय म्हणजे सवय. लग्नाचा ब्लाउज असो की शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा, मोठ्या कामाला बसण्याआधी मशीनला तेल पाजायचं हा माझा नेम. त्यावाचून मला चाक फिरवणं म्हणजे मुलाला उपाशी शाळेत धाडणं वाटतं. तेलाची कुपी माझ्या पिशवीत असतेच. मी मोठ्या मायेने पिकोच्या एकेका सांध्यात दोन दोन थेंब सोडले, बोटं रुमालाला पुसली, आणि कुणाला सांगितलं नाही. शुभकार्य करून ठेवल्यासारखी समाधानात बसले.

सरावाच्या फेरीत पिको चार पावलं झोकात चालला. पाचव्याला करकरला. सातव्याला थांबला. सायलीने त्याला उचलून पालथा केला, तर सांध्यासांध्यांत वाळू रव्याच्या लाडवासारखी वळली होती. तिने बोट लावलं, हुंगलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“आजये, तेल?”

“दोन दोन थेंबच गं,” मी म्हटलं.

“कित्याक घातलंस?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. पिकोला मांडीवर घेऊन खाली बसली आणि म्हणाली, “राहू दे. सांगून येते, आम्ही उतरत नाही.”

“ए, वेडी झालीस काय यार?” जिग्ना उसळली. “पंधरा मिनिटं आहेत ना! आजी, तुम्ही सांगा, हे तेल काढतात कसं?”

मशीनमध्ये तेल घातल्यावर पहिली शिवण कधी चांगल्या कापडावर घालायची नाही, आधी बिनदोऱ्याची सुई चिंधीवर चालवायची, जादा तेल चिंधीला पिऊ द्यायचं, डाग उमटायचा थांबला की मगच कापड घ्यायचं. हे मी माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींना इतक्यांदा बजावलं होतं की त्या माझी नक्कल करत. आणि मीच, चोरून करायचं म्हणून, ते विसरले होते.

“ऊठ,” मी सायलीला म्हटलं. “रडं नंतर. खिळी काढ एकेक, मला दे.”

तिने खिळी काढल्या, मी पुसल्या. पिशवीत हातशिलाईच्या चिंध्या होत्याच. दाढीच्या ब्रशासारखा माझा कोंडा झाडायचा ब्रश होता. शेजारच्या छत्रीवाल्या मुलांनी न मागता फुंकणी आणून दिली. सांधे जुळले तशी जिग्नाने गळ्यातली सुती ओढणी काढून फरशीवर अंथरली. “आईने दिवाळीला घेतलेली,” ती म्हणाली, “पण चालव, चालव!” पिको तिच्यावरून चालला आणि पिवळ्या ओढणीवर काळ्या दातांच्या दोन रांगा उमटल्या. ओढणी फिरवली, पुन्हा चालवला; रांगा फिकटल्या. पुन्हा. पुन्हा. पाचव्या खेपेला ओढणीवर काही उमटलं नाही, नुसत्या चुण्या पडल्या.

“आता घे,” मी म्हटलं, आणि माईकवर त्यांच्या चमूचं नाव पुकारलं गेलं.

पिको वाळूत उतरला. पाठीवर जिग्नाच्या तारांची पेटी, मागे दोन पिको-काठ. धप्. धप्. आमच्या मागे कुणीतरी म्हणालं, “अरे, हे चालतंय की शिवतंय?” आणि हशा पिकला, पण तो गेल्या वर्षीचा हशा नव्हता, त्यात कौतुकाचा ओलावा होता. मध्यावर आल्यावर सायलीने माझं मनगट धरलं. मध्य ओलांडल्यावरही सोडलं नाही. शेवटचं पाऊल त्याने फळीवर टाकलं तेव्हा जिग्ना किंचाळली, छत्रीवाले टाळ्या पिटू लागले, आणि सायली मात्र वाळूच्या कडेला बसून त्या दोन सरळ, अखंड शिवणींकडे बघत राहिली. गालांवरून धारा, आणि हसू असं, ज्यात कसलाच खडा नव्हता.

पहिला नंबर छत्रीच्या चाकांना मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. पण नंतर परीक्षकांतल्या एक बाई मुद्दाम आमच्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी नेमकं माझ्या मनातलं विचारलं: हे असं अडखळत का चालतं? मी पदराने पिकोची पाठ पुसू लागले. सायली मात्र खुलली. तिने बाजूचं झाकण उघडून आतली चकती दाखवली. गोल नव्हती ती. एका अंगाला फुगीर, एका अंगाला निमुळती, हुबेहूब कोयरी.

“वाळूला जोरात ढकललं तर ती मागे निसटते,” ती सांगत होती, आणि तिचा हात हवेत ते सगळं करून दाखवत होता. “म्हणून ढकलायचं हळू, तिला दाबून बसायला वेळ द्यायचा, आणि परतताना हात रिकामाच असतो, तेव्हा झटकन यायचं. गेल्या वर्षी चाकांनी खणलेला खड्डा वर्षभर डोळ्यांसमोर होता, त्यातून हे सुचलं. शिलाई मशीनमध्ये हे नाही.”

शिलाई मशीनमध्ये हे नाही. महिनाभर मी ज्याला लंगडणं समजून मायेने पोटात घातलं होतं, ती तिची स्वतःची चाल होती. दाते माझ्या मशीनचे होते खरे. पण रुतल्यावाचून हे कळत नाही, आणि मी कधी रुतले नव्हते, माझ्या पुढ्यात नेहमी सरकणारं कापडच आलं.

परतताना रिक्षात आम्ही तिघी दाटीवाटीने बसलो. तलावाचं पाणी कलत्या उन्हात तांब्याचं झालं होतं. जिग्नाने डिवचलं, “मग, कोडिंग कधीपासून शिकवू?” आणि सायली म्हणाली, “गप रव गो.” मांडीवरच्या पिशवीवर माझा हात आपोआप चालू लागला होता: हळू पुढे, झटकन मागे. जमेना. चाळीस वर्षांची सवय, जाताना नि येताना सारखीच लय धरायची.

“दाखव बघू परत,” मी म्हटलं.

सायलीने माझा हात आपल्या हातात घेतला. तिची बोटं खरखरीत झाली होती, कानशीने.

“सावकाश, आजये,” ती म्हणाली. “वाळूक घाई चलना नाय.”

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.