पांढरी पट्टी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही.

माझा प्रशांत फौजेत लागला. थंडीच्या मुलखात पोस्टिंग आली, तेव्हा मी ठरवलं, त्याला तिरंगी गोधडी शिवून द्यायची. हौस माझीच. चक्र मात्र नको म्हटलं, ते अंगाखाली येईल. गोधडी घरच्या वापरलेल्या कपड्यांचीच हवी — नव्या कापडाला ती ऊब नाही. केशरी माझ्या साडीचं निघालं, हिरवं आईच्या लुगड्याचं. पांढरं काही मिळेना.

माझी धाकटी जाऊ शोभा अकोल्याहून आली, ती पांढरा शर्ट घेऊन. माझ्या दिराचा. तो जाऊन वर्ष झालं होतं. गेलेल्या माणसाचे कपडे आपण देऊन टाकतो. तिने तेवढा एक ठेवला होता. प्रशांतला भरतीसाठी पहाटे पळायला नेणारा हाच काका. त्याच्याशिवाय पोरगं फौजेत लागलं असतं का? शोभाचं म्हणणं एवढंच, की काका पोराच्या अंगावर राहील.

तिचा माझ्यावर फार जीव. माझाही तिच्यावर — तरीही मी हे केलं.

मी घाबरले. मेलेल्याचा कपडा, आणि माझं पोर सीमेवर. पण तोंडावर नाही म्हणायची छाती होती? नव्हती. शर्ट हसून घेतला. ती गेल्यावर बाजारातून पांढरं पॉपलीन आणलं, जुनं दिसावं म्हणून दगडावर घासघासून धुतलं आणि तेच शिवलं. शर्ट? तो दारावर आलेल्या भांडेवालीला दिला, बाकीच्या जुन्या कपड्यांत घालून. एक स्टीलचा डबा मिळाला.

प्रशांत निघायच्या आदल्या दिवशी शोभा आली. गोधडी मांडीवर घेऊन पांढऱ्या पट्टीवरून हात फिरवत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "ताई, हे ह्यायच्या पाठीचं कापड हाय. हाताले समजते मले."

मी म्हटलं, "हो वं."

तिथेच थांबलं असतं तर — पण ती पुढे म्हणाली, "एखांदी चिंधी उरली असन त द्या मले. माह्यापाशी आता काईच नाई."

मी आत गेले. पॉपलीनचा एक तुकडा उरला होता, तो आणून दिला. तिने तो डोळ्यांना लावला, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि संध्याकाळच्या बसने अकोल्याला घेऊन गेली.